तुमचे कपाट आणि आम्ही दोघी



"म्हणजे तुम्ही दोघी नक्की करता तरी काय?" हा प्रश्न आम्हांला लग्नाच्या हॉलमध्ये, सिनेगॉगच्या पायरीवर, एवढेच काय, कुपत खोलीमच्या रांगेतसुद्धा विचारला जातो. कोणी म्हणतात, "या शिवणकाम करतात." कोणी म्हणतात, "छे, या जुने कपडे गोळा करतात." एका शेजारणीने तर आमची ओळख करून देताना सरळ सांगितले, "या लोकांची कपाटं उघडून बघतात." हे मात्र अगदी बरोबर आहे! म्हणून या वेळी आमच्या कामाविषयी जरा सविस्तर लिहीत आहोत.

आम्ही नात्याने नणंद-भावजय. राहतो दक्षिणेत, नेगेवच्या उन्हात. आमच्या कामाला हिब्रूत भारदस्त नाव आहे, 'योएत्सेत सिगनोन'. इंग्रजीत वॉर्डरोब कन्सल्टंट. ज्यांनी बोलावले त्यांच्या घरी जायचे, कपाट उघडायचे, काय ठेवायचे, काय द्यायचे, कशावर काय घालायचे ते सांगायचे, आणि बाजारातून काय आणायचे नाही तेही सांगायचे. यातले शेवटचे सर्वांत कठीण. मराठीत या धंद्याला नाव नाही. आमची नातवंडे आम्हांला 'कपाटवाल्या सावता' म्हणतात, तेच आम्ही धरून चाललो आहोत.

मुलांनो, तुम्हांला एक गंमत सांगतो. कपाटाला हिब्रूत 'आरोन' म्हणतात हे तुम्हांला ठाऊक आहेच. कपड्यांचे ते 'आरोन बगादीम' आणि सिनेगॉगमध्ये सेफेर तोरा ठेवतात ते 'आरोन हाकोदेश'. शब्द एकच! तेव्हा आईने कपाट आवरायला सांगितले तर तोंड वाकडे करू नका.

आता स्टाईल म्हणजे काय? कोर्सात आम्हांला याची लांबलचक व्याख्या लिहून दिली होती. पण आपल्या जुन्या माणसांना व्याख्या नको होती. आमची एक आजी पनवेलहून मुंबईला आली ती शेवटपर्यंत बारीक काठाच्या नऊवारीतच राहिली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, तेही ती पाच मिनिटांत नेसायची, आरसा न बघता. लांबून चालीवरून आणि काठावरून कळायचे की आजी येते आहे. भायखळ्याचे आमचे एक अंकल बारा महिने पांढऱ्या पँटवर काळा कोट घालायचे आणि वरच्या खिशात इस्त्रीचा रुमाल. दुसरा कोट त्यांच्याकडे नव्हताच. पण लोक म्हणत, "काय टेचात असतात!" आमच्या मते हीच स्टाईल. आपल्याला काय शोभते ते ओळखायचे आणि त्याला धरून राहायचे. कपडे किती आहेत याच्याशी तिचा फारसा संबंध नाही.

इथे आल्यावर मात्र आपल्या बायकांची पंचाईत झाली. ज्यांची कुटुंबे पन्नास-साठच्या दशकांत आली त्यांना आठवत असेल. दिमोना, यरुखाम, बेरशेवा, लोद, रामला, अश्दोद, जिथे पाठवले तिथे उतरायचे. साडीचा घोळ वाळूत. गिरणीत कामाला गेले तर मुकादम म्हणे, पदर यंत्रात जाईल, साडी चालणार नाही. तेही खरेच होते. मग कोणी स्कर्ट घातला, कोणी पँट. घरी येऊन साडी, मग फक्त शब्बाथला साडी, मग फक्त लग्नाला. असे करता करता साड्या पेटीतच राहिल्या.

आणि त्या काळचा हा देशच साध्या कपड्यांचा. 1949 साली 'त्सेना' म्हणजे काटकसरीचा काळ सुरू झाला, 1950 साली कपडे आणि चपला-बूटसुद्धा रेशनवर आले, आणि हा सगळा बंदोबस्त 1959 पर्यंत हळूहळू उठत गेला. सगळ्यांच्या अंगावर 'आता' कंपनीचे खाकी आणि निळे कपडे. ही गिरणी 1934 साली कफार आता गावात निघाली आणि 1985 साली बंद पडली. आपल्यातल्या कित्येकांनी तिची कॉलर उघडी असलेली शर्टे आणि डोक्यावर 'कोवा तेम्बेल' घातली आहेत. पुढारी मंडळीसुद्धा टायशिवाय सभेत जात. उलट त्याच काळात, 1954 साली, रूथ दायान यांनी 'मस्कीत' ही संस्था काढली आणि येमेनहून, मोरोक्कोहून आलेल्या बायकांचे भरतकाम, विणकाम फॅशनच्या दुकानांत नेऊन विकले. आपल्या बायकांच्या पेट्यांत तेव्हा पैठण्या होत्या, इरकल होत्या, पण त्या कोणी उघडून पाहिल्या नाहीत. आम्हांला याची अजून हळहळ वाटते. असो.

आम्ही या कामात कशा पडलो तेही सांगतो. आमच्यापैकी एक तीस वर्षे कापडाच्या गिरणीत होती. तयार कापड दिव्यावरून सरकत जायचे आणि तिने त्यातला दोष शोधायचा. सुटलेला धागा, गाठ, रंगाचा डाग. दुसरी घरी बसून ब्लाउज शिवायची, साड्यांना पिको-फॉल करायची. नव्वदच्या दशकात इथल्या गिरण्यांचे काम जॉर्डनला आणि इजिप्तला जाऊ लागले, कारण तिथे मजुरी कमी. एक दिवस पहिलीला पत्र आले. वय एकावन्न. कामगार कचेरीत बसलेल्या बाईने विचारले, "तुला काय येतं?" ती म्हणाली, "मला कापड बघता येतं." त्या बाईने फॉर्मवर काय लिहिले कोण जाणे.

मग कोणीतरी सांगितले की मध्य भागात असा कोर्स असतो. आठवड्यातून एक दिवस, आठ महिने. फी बरीच होती म्हणून एकीने कोर्स केला आणि दुसरीने रात्री तिच्या वह्या वाचल्या. फी एक, शिकलो दोघी!

कोर्सात पहिला धडा रंगांचा. 1980 साली अमेरिकेत कॅरोल जॅक्सन या बाईंचे 'कलर मी ब्युटिफुल' नावाचे पुस्तक निघाले आणि फार खपले. त्यात माणसांचे चार ऋतू केले आहेत, वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा. कातडीचा, केसांचा, डोळ्यांचा रंग पाहून तुमचा ऋतू ठरवायचा आणि त्या ऋतूचे रंग घालायचे. कल्पना चांगली आहे, पण ती गोऱ्या लोकांसाठी बेतलेली. सावळे, काळे, आशियातले, बहुतेक सगळे एकदम हिवाळ्यात! आमच्या वर्गात शिक्षिकेने गळ्याशी रुमाल लावून पाहिले आणि म्हणाली, "खोरेफ." म्हणजे हिवाळा. आता आम्ही दोघी एकाच घरातल्या, पण एकीला राणी रंग खुलतो आणि दुसरी त्याच रंगात आजारी दिसते. दोघी हिवाळा कशा?

तेव्हा आम्ही आईची पद्धत धरली. मंगलदास मार्केटमध्ये कापड घ्यायला गेलो की आई थान उचलून दुकानाच्या दाराशी जायची, उजेडात. दुकानदार ओरडायचा, "बाई, कुठे चाललात?" ती कापड गालाशी धरायची आणि आम्हांला विचारायची, "आधी काय दिसतं, साडी का मी?" साडी आधी दिसली तर ती साडी नको. एवढेच. आम्ही आजही लोकांना खिडकीपाशी उभे करतो, दिवा बंद करतो आणि हाच प्रश्न विचारतो. पिवळट सावळ्या रंगाला मोरपंखी, गर्द हिरवा, आंबा रंग चांगला जातो. तांबूस सावळ्याला वांगी, निळा, डाळिंबी. पण हे काही तोरातले नाही. गालाशी धरून बघायचे, बरं का.

आता कपाट. आम्ही पहिल्यांदा काहीच फेकत नाही. सगळे पलंगावर काढतो. बाई लाजतात, म्हणतात, "अगं, आवरलेलं नाही." आम्ही म्हणतो, "आवरलेलं असतं तर आम्हांला कशाला बोलावलं असतं?" मग गेल्या वर्षात अंगावर आलेले एकीकडे, न आलेले दुसरीकडे. आणि तिसरा ढीग, ज्याला आम्ही 'बोलणारे कपडे' म्हणतो. म्हणजे हातात घेतल्याबरोबर ज्याची गोष्ट सुरू होते. "ही माझ्या मेंदीची." "हा शर्ट यांनी इथे आल्यावर पहिल्या पगारात घेतला." या ढिगाला घाई करायची नाही. दोन तास त्यातच जातात आणि आम्ही त्याचे पैसे लावत नाही.

न आलेल्या कपड्यांत निम्मे नायलॉन-पॉलिएस्टरचे निघतात. शुकमध्ये स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले. शाराव सुटला की असे कापड अंगाला चिकटते आणि घाम आत राहतो. इथल्या उन्हाळ्याला सुती किंवा लिनन, सैल आणि बाही कोपरापर्यंत. रेशीम खरे का खोटे ते बघायचे तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळावा. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. (मुलांनी हे मोठ्यांशिवाय करू नये!) पैठणी हातमागाची आहे का हे पाहायचे तर काठ आणि पदर उलटून बघा. खऱ्या पैठणीचा मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागे मोकळे धागे लोंबत असतील तर ती यंत्राची. पैठणीला 2010 साली जी.आय. नोंदणी मिळाली, पण बाजारात नाव सगळेच लावतात.

धुण्याबद्दल एक. इथल्या पाण्यात चुना फार. त्यामुळे सुती साड्या धुवून धुवून ताठ होतात आणि रंग मेल्यासारखा होतो. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घाला. आणि मिरपेसेतवर उन्हात वाळत घालू नका, इथले ऊन चार धुण्यांत रंग खाते. सावलीत घाला, तरी तासाभरात वाळते.

प्रसंगाचे कपडे हा आमच्या कामाचा मोठा भाग. इस्राएलमध्ये लोक लग्नालासुद्धा जीन्सवर पांढरा शर्ट घालून येतात. त्यात वाईट काही नाही. पण आपल्या मेंदीच्या रात्री मुलींना साडीच हवी असते. नवरीच्या पंधरा-वीस मैत्रिणी, त्यांत मोरोक्कोच्या, रशियाच्या, इथियोपियाच्या, सगळ्या रांगेत उभ्या आणि आम्ही दोघी तोंडात सेफ्टी पिना धरून नेसवतो आहोत! परकराची नाडी कोणाला सोसत नाही, मग घट्ट लेगिंगच्या कमरेत निऱ्या खोचतो आणि आतून एक मोठी पिन. चालते. नाचूनसुद्धा सुटत नाही. आजीबाईंना मात्र एक सांगणे, हॉलमध्ये मजगान इतका गार असतो की साडीवर शाल हवीच. त्यासाठी साडी नेसायचेच सोडू नका.

काही कुटुंबांना चांगल्या साड्या विकत घेणे परवडत नाही, किंवा तिकडून मागवायला वेळ नसतो. त्यांच्यासाठी आम्ही छोटा गमाख ठेवला आहे. बावीस साड्या आहेत, सहा कुर्ते, दोन बंद गळ्याचे कोट आणि हिरव्या बांगड्यांचा डबा. कोणी काय नेले हे आम्ही कोणाला सांगत नाही. मिश्नामध्ये तू बआवच्या दिवसाचे वर्णन आहे, की यरुशलायीमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षाच्या मळ्यांत नाचायला जात आणि ते कपडे उसने घेतलेले असत, म्हणजे जिच्याकडे नाहीत तिला लाज वाटू नये. तालमुदात पुढे असेही आहे की राजाची मुलगीसुद्धा कोहेन गादोलच्या मुलीकडून उसने घेत असे. आमच्याकडे उसने न्यायला कोणी संकोचले की आम्ही ही राजाच्या मुलीची गोष्ट सांगतो.

शाअतनेझविषयी लोक विचारतात. लोकर आणि लिनन एकत्र असलेले कापड तोरात मना केले आहे. रेशीम आणि सूत एकत्र चालते, तेव्हा आपल्या गर्भरेशमी साडीला काही अडचण नाही. पुरुषांच्या लोकरीच्या सुटाला मात्र कॉलरच्या आत लिननची कॅनव्हास असू शकते, ती वरून दिसत नाही. पाळणाऱ्यांनी तपासून घ्यावे, त्याच्या प्रयोगशाळा आहेत. आणि योम किप्पुरला, आपल्या जुन्या भाषेत दारफळणीच्या सणाला, पांढरे कपडे आणि चामड्याशिवायच्या चपला. आपले आजे-पणजे कोकणात हा दिवस पांढऱ्या कपड्यांत दार लावून पाळत.

पुरुष मंडळींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्यांच्या कपाटात दोन शर्टे चांगली असतात आणि ती 'ठेवणीतली' असतात. कोणत्या दिवसासाठी ठेवलेली, हे त्यांनाच माहीत नसते!

आता एका बातमिट्झवाची हकिकत. मुलगी बारा वर्षांची, नाव देत नाही. तिला आजीच्या साडीचा स्कर्ट हवा होता. साडी अंजिरी रंगाची, जरीचा काठ, आजीच्या स्वतःच्या लग्नानंतरची, दादरहून घेतलेली. आजी म्हणे, "साडीला कात्री लागणार नाही. मी मेल्यावर काय ते करा." मुलगी म्हणे, "मग मी आलेच नाही माझ्या बातमिट्झवाला." आई मधल्यामध्ये. घरात आठ दिवस कोणी कोणाशी बोलेना. शेवटी आईने आम्हांला फोन केला.

आम्ही गेलो. आजीने चहा दिला, चिवडा दिला, पण साडी दिली नाही. कपाटाची किल्ली कमरेलाच. आम्ही काही मागितले नाही. विचारले, "आजी, ही साडी तुम्ही शेवटची कधी नेसलात?" आजीने बराच विचार केला. अठरा वर्षे झाली होती. "अशी घडीतच राहिली तर काय होईल, ठाऊक आहे का?" घडीवर रेशीम चिरते. जरीच्या जागी आधी. आजी उठली, साडी आणली, उलगडली, आणि खरेच, दोन घड्यांवर केसाएवढी चीर गेलेली होती. आजीचा चेहरा पाहवेना. मुलगी दाराआडून बघत होती ती पुढे आली आणि तिने साडीचे दुसरे टोक धरले, जमिनीला लागू नये म्हणून.

मग आमच्यातल्या शिवणाऱ्या बाईने तोड काढली. साडी साडेपाच मीटर. न कापता तिच्या लांबीला चुण्या घालायच्या, चिरलेल्या घड्या आतल्या चुणीत जातील अशा बेताने, आणि सुती पट्ट्यावर नुसता धावदोरा घालायचा. रुंदी मुलीच्या उंचीला जास्त, म्हणून वरची कड आत दुमडायची आणि काठ खाली घोट्याशी येऊ द्यायचा. चीर गेलेल्या जागी मागून मलमलचा तुकडा. कात्री फक्त दोऱ्याला. बातमिट्झवा झाला की धावदोरा ओढायचा, साडी परत साडी! आजीने तीनदा विचारले, "नक्की?" मग म्हणाली, "धावदोरा मी घालणार." आणि घातला, पंच्याऐंशीव्या वर्षी, चष्म्यावर चष्मा चढवून. तिचे टाके आमच्यापेक्षा बारीक होते.

धावदोरा अजून ओढलेला नाही असे कळते. मुलगी तो स्कर्ट दुसऱ्यांदा घालून गेली. आजी म्हणते, "राहू दे, मोठी होईल तेव्हा ओढू."

या कामात जड जाणारा भाग म्हणजे माणूस गेल्यावरचे कपाट. लोक शिवा उठली की दुसऱ्या दिवशी काळ्या पिशव्या घेऊन बसतात. मुलांना कामावर जायचे असते, घर भाड्याचे असते, सगळे समजते. पण आम्ही सांगतो, होता होईल तो शलोशीमपर्यंत थांबा. तिकडे जुने कपडे असे जात नसत. बोहारीण दारात यायची, तिच्याशी दोन तास घासाघीस करून चार साड्यांवर एक पातेले, आणि त्यातूनही मऊ सुती साड्या गोधडीसाठी बाजूला. कोणाची साडी कोणत्या गोधडीत आहे हे पोरांना पाठ असायचे. इथे ती लोखंडी पेटीत टाकली की संपले.

अशाच एका घरी आम्हांला सुनेने बोलावले. सून इथेच जन्मलेली, मोरोक्कोच्या घरातली, मराठी अक्षर येत नाही. सासूबाई गेल्या होत्या. नवरा म्हणाला होता, तीन तासांत होईल. कपाटात चौदा साड्या आणि प्रत्येकीच्या घडीत एक चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली. सुनेला वाटले दुकानाच्या किमती असतील. आम्ही एक उचलली आणि वाचली. सासूबाईंनी लिहिले होते की ही साडी मोठा मुलगा सैन्यातून सुटून आला त्या दिवशी नेसले होते. दुसरीवर, मुंबईच्या विमानतळावर आईने हातात दिली ती. तिसरीवर, हिच्यावर हळद सांडली, निघत नाही, टाकू नये.

आम्ही वाचत गेलो, सून हिब्रूत लिहीत गेली. मुलगे आधी फोनवर होते ते येऊन बसले. एक साडी नातसुनेसाठी म्हणून लिहिलेली निघाली; नातू तेव्हा अकरा वर्षांचा आहे! आणि एकीवर फक्त एवढेच, ही कोणाला देऊ नये. साधी पिवळी सुती साडी, काठही फिका. कारण नाही, साल नाही. कोणालाच आठवेना. मोठा मुलगा आम्हांला विचारतो, "तुम्ही कन्सल्टंट आहात, सांगा, हिचं काय करायचं?" आम्ही म्हटले, देऊ नका. मलमलमध्ये गुंडाळून त्याच कप्प्यात ठेवली. बाकीच्या तेरा घरातल्या घरात गेल्या. काळ्या पिशव्या लागल्याच नाहीत.

त्या दिवसापासून आम्ही फी घेतो तेव्हा एक अट घालतो, की जिवंत आहात तोवर चिठ्ठ्या लिहायच्या.

कोणाला हे काम करायचे असेल तर थोडे सांगतो. कोर्स केला तर चांगलेच, रमत गानला 1970 साली सुरू झालेले शेंकर कॉलेज आहे, तिथे पूर्ण डिझाइनचे शिक्षण मिळते, पण आपल्या वयाला तेवढे नको. आधी स्वतःचे कपाट करा. मग बहिणीचे. मग अशा कोणाचे तरी जिच्याशी तुमचे फारसे पटत नाही, कारण ग्राहक तशीच असते. पैसे घ्यायला लागलात तर 'ओसेक पातूर' म्हणून नोंद करा, मस हखनासात आणि बितुआख लेउमीतसुद्धा. वर्षाची कमाईची मर्यादा ठरलेली असते आणि ती बदलते, म्हणून हिशेबनिसाला विचारा. पेन्शनवाल्यांनी तर आधी विचारावे. ताशी दर सुरुवातीलाच सांगा, चहा झाल्यावर नाही. ग्राहकाच्या कपाटात जे दिसेल, औषधे, पत्रे, पैसे, ते बाहेर बोलायचे नाही. आणि बाई म्हणाली, "मी जाड दिसते ना?" तर हो-नाही काही न बोलता तिला दुसरे काहीतरी घालायला द्यायचे.

आता मुलांसाठी काम. रोश हशानाच्या आधी आपल्या कपाटातले सगळे हँगर उलटे टांगा, आकड्याचे तोंड तुमच्याकडे. एखादा कपडा घालून परत टांगलात की हँगर सुलटा करा. पेसाखच्या सफाईला बघा, अजून उलटे किती राहिले. ते आईला दाखवून द्यायचे कपडे ठरवा. आमच्या एका नातवाचे सतरा निघाले आणि त्यातले नऊ आम्हीच दिलेले होते!

दुसरे काम आजीबरोबर. दर शब्बाथ सुटल्यावर एक साडी. आजीला उलगडायला सांगा, तुम्ही एक टोक धरा. नवीन जागी घडी पाडा. चार-सहा महिन्यांनी रेशमाची घडी बदलावीच लागते, म्हणजे ती चिरत नाही. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जरी काळी पडते. गोळ्या वेगळ्या फडक्यात बांधून कोपऱ्यात. प्लॅस्टिकची पिशवी नको, जुन्या मलमलचे किंवा सुती चादरीचे फडके. मग आजीला विचारा, ही कोणी दिली, कुठे घेतली, कधी नेसलीस. आजी सांगेल ते एका बाजूला तुम्ही हिब्रूत लिहा, दुसऱ्या बाजूला आजीला मराठीत लिहू दे. पेन्सिलीने लिहा, शाई कापडाला लागते. आणि चिठ्ठी पिनेने टाचू नका, गंजाचा डाग पडतो. घडीत नुसती सरकवून ठेवा.